पाठ वर, पोट खाली

मला एका जागी बसवत नाही. आता सत्तरी जवळ आली, गुडघे कुरकुरतात, सून म्हणते आई, जरा टेका आता, पण मुलाच्या या दौंडच्या घरात सकाळपासून माझ्या ओटा ते गॅलरी आणि गॅलरी ते ओटा अशा चकरा चालूच असतात. रेल्वेचा भोंगा वाजला की मी उगाच उठून दारात जाते, जसं काय मलाच कुठं निघायचंय. पायाला भिंगरी म्हणतात ती मला जन्मापासून आहे, आणि त्याचं कारणही साधं आहे. आम्ही राहूचे धनगर. आज्याच्या काळात आमचं अख्खं घर मेंढरांमागं चालायचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, राहूला थोडी जमीन धरली, ऊस लावला, दोन खोल्या बांधल्या, तरी दारात मेंढरं होतीच आणि त्यांना रानात फिरवायचं काम माझ्याकडं होतं. शाळा सुटली की मी रानात. अशा पोरीला कुणीतरी बाकावर बसवलं आणि म्हटलं की आता हलायचं नाही, माणसाचं शरीर शिक, तर तिची काय गत होईल ते मी भोगलंय.

दहावी झाल्यावर गावच्या नर्सबाईंनी आबांच्या डोक्यात भरवलं की शिरूरला एका जुन्या दवाखान्यात पोरींना नर्सिंग शिकवतात, मराठीतून शिकवतात, पोरीचं कल्याण होईल. आबांना ते पटलं होतं असं नाही, पण नर्सबाईंचा शब्द त्यांना मोडवेना. त्या कोर्सची रीत अशी होती की पहिले तीन महिने कच्चे धरायचे. शेवटी शरीररचनेची परीक्षा. पास झालं तर पुढं शिकायचं, नाही तर ट्रंक उचलून घर गाठायचं. आबांनी त्यात आपलं कलम घातलं. मला एसटीत बसवताना ते म्हणाले, “पास झालीस तर ऱ्हा. न्हाई झालीस तर दौंडचं स्थळ हाय. मग तोंड वाकडं करायचं न्हाई.” मी मान डोलावली. दौंडचा मुलगा मालधक्क्यावर मुकादम होता, निर्व्यसनी होता, दिसायलाही बरा होता म्हणे. त्याच्यात काही खोट नव्हती. मला लग्न करायचं नव्हतं, बस्स. नर्सच व्हायचंय असंही तेव्हा काही मनात नव्हतं, पण घरातून सुटायला दुसरी वाट दिसत नव्हती आणि ही एकच वाट मी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

दवाखान्याच्या वसतिगृहात जागा नव्हती, म्हणून मला रूथमावशींच्या घरी ठेवलं. मावशी ख्रिस्ती, कंपाउंडरची विधवा. चर्चमागच्या चाळीत त्यांच्या दोन पत्र्याच्या खोल्या होत्या, आणि त्यांची मुलगी करुणा माझ्याच वर्गात होती. आमच्या घरी आवाज म्हणजे मेंढरांचा आणि आबांच्या खोकल्याचा. इथं पहाटेपासून मावशींचं शिलाई मशीन खडखडायचं, कोंबड्या पत्र्यावर नखं वाजवत फिरायच्या, शेजारी कुणीतरी पेटीवर गीत बसवत असायचं आणि तीच एक ओळ पुन्हा पुन्हा चुकायचं. ती ओळ ऐकून माझ्या डोक्याचा भुगा व्हायचा. खायला मात्र चंगळ होती. सकाळी चहाबरोबर बेकरीचा पाव, दुपारी बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं, रविवारी चर्च सुटलं की मटणाचा रस्सा. त्यांच्या रश्श्यात खोबरं जास्त आणि तिखट कमी. पहिल्या रविवारी मी आगाऊपणे तसं बोलून दाखवलं, तर मावशींनी पुढच्या रविवारी माझ्यासाठी वेगळी वाटी काढून त्यात चटणी कालवली आणि शांतपणे समोर सरकवली. मी एवढी चिडकी पोर, पण त्या वाटीपुढं माझं काही चाललं नाही. जेवतानासुद्धा मी सारखी उठायची, पाणी आण, मीठ आण. मावशी म्हणायच्या, हिरा, तुझं ताट बसलंय, तू कधी बसणार?

वर्गात तर कहर. आमच्या ट्यूटर साळवेबाई, उंच, किडकिडीत, आवाज असा की मागच्या बाकावरचीही दचकावी. पहिल्याच दिवशी त्यांनी एका मुलीला फळ्यापुढं उभं केलं. ताठ, तोंड आमच्याकडं, हात अंगालगत सोडलेले, तळवे पुढं. म्हणाल्या, जगातला कुठलाही माणूस, झोपलेला असो, कुबडा असो, झाडावर चढलेला असो, त्याच्या अंगाबद्दल बोलायचं तर तो असाच उभा आहे असं धरून बोलायचं. आणि उजवं म्हणजे त्याचं उजवं, तुमचं नाही. मग शब्दांची पोतीच्या पोती रिकामी झाली. डोक्याकडचं ते सुपिरियर, पायाकडचं ते इन्फिरियर, छाती-पोटाची बाजू अँटिरियर, पाठीची पोस्टिरियर, मधल्या रेषेजवळचं मिडियल, लांबचं लॅटरल. पेशी मिळून ऊती, ऊती मिळून अवयव, अवयव मिळून संस्था. संस्था म्हटलं की मला गावची दूध संस्था दिसायची आणि तिचे चेअरमन. पोटाचे म्हणे नऊ भाग, दोन रेघा उभ्या, दोन आडव्या, मधलं घर नाभीचं. मला हे सगळं आवडत होतं, खोटं कशाला बोलू. पण बसून बसून मांड्यांना मुंग्या यायच्या, पाय बाकाखाली चालायला लागायचे, आणि साळवेबाई खडू थांबवून म्हणायच्या की धनगराच्या पोरी, मेंढरं पळाली का?

तरी मला मनातून खात्री होती की या पोरी पाठ करतील, आपण मात्र डोळ्यांनी पाहिलंय. जत्रेला, लग्नाकार्याला आबा बोकड कापायचे तेव्हा आतडी धरायला मीच बसायची. काळीज, पानथरी, गुर्दे, फुप्फुसं, सगळं गरम गरम हातात घेतलेलं. आजारी मेंढरू मेलं की कशानं मेलं हे बघायला आबा ते फाडायचे आणि मला जवळ बोलावून दाखवायचे. त्यामुळं पहिल्या चाचणीला मी पुस्तक उघडलंच नाही आणि भराभरा पेपर लिहून सगळ्यांच्या आधी बाहेर आले. दोन दिवसांनी साळवेबाईंनी माझा पेपर वर्गात वाचून दाखवला. मी जठराला चार कप्पे काढले होते, नीट, रेघारेघांनी, आणि पहिला कप्पा डाव्या कुशीत ऐसपैस बसवला होता. ते एक वेळ खपलं असतं. पण पाठीचा कणा कुठं असतो या प्रश्नाला मी लिहिलं होतं, पोटाच्या वर. पाठ वर, पोट खाली. माझ्या डोळ्यापुढं शरीर होतं ते चार पायांवर उभं होतं, आणि त्यात मला काहीच चुकीचं वाटलं नव्हतं. वर्ग फुटला. करुणासुद्धा हसली, आणि तिनं हसावं याचा मला जास्त राग आला. त्या दिवसापासून मला मेंढ्यांची नर्स हे नाव पडलं.

साळवेबाईंनी मला थांबवून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं की या चाचणीत तू नापास. शेवटच्या तोंडी परीक्षेला पुण्याच्या डॉक्टरीणबाई येणार आहेत, त्यांच्यापुढं पास झालीस तर राहशील, नाही तर मी काही करू शकणार नाही. मला दौंडचा मालधक्का दिसायला लागला. मग मात्र मी पुस्तकाला अशी भिडले की मावशी घाबरल्या. बसवत नव्हतंच, म्हणून चालत पाठ करायची. चाळीच्या या टोकाला प्रॉक्झिमल, म्हणजे धडाजवळचं, त्या टोकाला डिस्टल, म्हणजे धडापासून लांबचं. कोंबड्या बाजूला व्हायच्या. चिंचेखाली बसलेले म्हातारे म्हणायचे, ही पोर प्रार्थना करती का भांडती कुणाशी?

सराव करायची पोरींची पद्धत अशी होती की जोडीनं बसायचं आणि एकीनं दुसरीच्या पोटावर शाईच्या पेन्सिलीनं नऊ घरं काढायची. मी करुणाच्या पोटावर रोज काढायची. पेन्सिल ओली केली की जांभळी रेघ उठते. बिचारीचं पोट जांभळं पडायचं आणि गुदगुल्यांनी तिचा जीव जायचा. पण माझी पाळी आली की मी काहीतरी निमित्त काढून उठायची. एकदा तिनं माझा पदर धरलाच. म्हणाली, माझ्या पोटाची पाटी केलीस, तुझं काय सोन्याचं हाय का? मी तिचा हात असा झटकला की बांगडी फुटली. दोन दिवस आम्ही बोललो नाही. एका खोलीत, एका ताटाच्या अंतरावर बसून दोन दिवस न बोलणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत.

मला तिला खरं कारण सांगता येत नव्हतं. माझ्या पोटावर तीन डाग होते. लहानपणी, मला फारसं आठवतही नाही तेव्हा, माझं पोट फुगलं आणि आबांनी विळा तापवून डाग दिले. दोन नाभीच्या बाजूला, पावलीएवढे, आणि एक डावीकडं कुशीत, चांगला बोटभर लांब, सुरकुतलेला. आमच्यात ही रीतच होती. मेंढराला द्यायचे, तसे पोरालाही द्यायचे. राहूला त्याचं कुणाला काही वाटत नसे, निम्म्या पोरांच्या पोटावर ते होते. पण इथं पाणी उकळून पिणाऱ्या, नखं कापून घेणाऱ्या पोरींमध्ये मला त्यांची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची. मी अंघोळीला दाराला कडी घालून दगड लावायची. आणि त्या लाजेच्या खाली आबांचा राग होता, जुना, मुरलेला. माझं अंग मला न विचारता त्यांनी जाळलं होतं.

आता नात मला तिच्या मोबाइलवर माणूस गरगर फिरवून दाखवते. बोट लावलं की कातडी जाते, आणखी लावलं की स्नायू जातात. तिला ते नऊ भाग पाच मिनिटांत येतात. मी नोकरीत असताना कोरेगाव भीमाकडच्या कारखान्यांतले यूपी-बिहारचे कामगार आमच्या आरोग्य केंद्रात यायचे तेव्हा ते पोटावर अख्खा पंजा ठेवून म्हणायचे, इधर दुखता है, आणि मी म्हणायची, एक उंगली से दिखाओ. एका बोटानं दाखवायला लावणं हीच निम्मी तपासणी असते. पण दुसऱ्याला बोट ठेवायला सांगणारी मी, माझ्या पोटावर कुणाला बोट ठेवू देत नव्हते.

परीक्षेच्या दिवशी शनिवार होता, शिरूरचा बाजार. आबा मेंढरं विकायला आले होते आणि ती विकून थेट दवाखान्याच्या आवारात येऊन कडुलिंबाखाली बसले, घोंगडी मांडीवर, फेटा शेजारी. मला बघून म्हणाले की निकाल घेऊनच जातो, पुन्हा खेप नको. दौंडच्यांना उद्या शब्द द्यायचाय. ट्रंक भरून ठेव, असंही म्हणाले. ते रागानं नव्हते बोलले. रूथबाई म्हणत्यात तुझं बूड ठरत न्हाई हितं, मग कशाला जिवाला त्रास, असं त्यांचं म्हणणं. मावशींनी ते कौतुकानं सांगितलं होतं, आबांनी त्याचा असा अर्थ काढला.

पुण्याच्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या, जाड चष्म्याच्या. दरवर्षी परीक्षेला प्लास्टरचा धडाचा पुतळा असायचा, त्याचे अवयव उचलून दाखवायचे. पोरींनी रंग पाठ केले होते, तपकिरी ते यकृत, गुलाबी ते जठर. बाईंनी तो पुतळा भिंतीकडं फिरवून ठेवायला सांगितला. म्हणाल्या, पुतळ्याला दुखत नाही. पडद्यामागं एकेकीनं यायचं आणि स्वतःच्या पोटावर रेघा काढून सांगायचं. नर्सला आधी स्वतःचं अंग माहीत पाहिजे. हे ऐकलं आणि माझी नजर दाराकडं गेली. दार उघडं होतं. पळाले असते तर समोर कडुलिंबाखाली आबा, आणि आबांपलीकडं दौंड. मी रांगेत सारखी पाय बदलत उभी होते. करुणानं मागून माझा हात धरला, का ते तिलाही माहीत नसेल, आणि माझं नाव पुकारेपर्यंत सोडला नाही.

पडद्यामागं साळवेबाई होत्या, डॉक्टरीणबाई होत्या आणि मी. पदर बाजूला केला, साडी खाली सरकवली. साळवेबाईंच्या तोंडून अगं आई गं, एवढंच निघालं. डॉक्टरीणबाईंनी वाकून नीट बघितलं आणि मग विचारलं, “हे काय?”

मला रडू यायच्या ऐवजी राग आला. तो माझा स्वभाव, आणि त्या दिवशी तोच कामाला आला. मी पेन्सिल ओली केली, चार रेघा ओढल्या, दोन उभ्या, दोन आडव्या, आणि तारस्वरात सांगायला लागले. हे डाग आहेत. दोन अंबिलिकल भागात, नाभीच्या लॅटरल बाजूंना, एक उजवा, एक डावा. तिसरा डाव्या लंबर भागात, बरगड्यांच्या इन्फिरियर, कमरेच्या हाडाच्या सुपिरियर. खोली कातडीपुरती, स्नायू शाबूत. मी एका दमात बोलले आणि बोलता बोलता एक नवल घडलं, की ते डाग माझ्यापासून हातभर लांब गेले. त्यांना नावगाव मिळालं. ते कुठं आहेत हे मला कुणाहीपेक्षा नीट सांगता येत होतं, आणि जे इतकं नीट सांगता येतं त्याची लाज कशी वाटणार?

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कशासाठी दिले? मी म्हटलं, पोट फुगलं होतं. मग त्यांनी त्या तिसऱ्या डागावर बोट ठेवलं. कुणीतरी पहिल्यांदाच ठेवलं. म्हणाल्या, “पोट फुगलं तर इतक्या बाजूला का? इथं आत काय आहे?”

“मोठं आतडं, खाली उतरणारा भाग. त्याच्या पोस्टिरियर डावं मूत्रपिंड.”

“आणि जठर?”

“जठर हितं न्हाई. ते वर, डाव्या बरगडीखाली.” एवढं म्हटलं आणि मी थांबले. डाव्या कुशीत जठर कुणाचं असतं ते मला माहीत होतं, मी ते पेपरात काढलं होतं. “हितं मेंढीचं असतं,” मी म्हटलं. “मेंढरू फुगलं की डावी कूस वर येती. तिथंच डागत्यात.”

म्हणजे आबांनी मला कुठंही, कसंही भाजलं नव्हतं. त्यांनी विचार करून, जागा शोधून, मेंढीच्या हिशेबानं अगदी बरोबर जागी डाग दिला होता. फक्त मी मेंढी नव्हते. जी चूक मी कागदावर केली तीच त्यांनी माझ्या अंगावर केली होती, आणि दोघांनाही ती एकाच ठिकाणाहून आली होती. डॉक्टरीणबाईंनी साळवेबाईंकडं पाहिलं. साळवेबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यानंतर मला हृदय विचारलं, डायफ्रॅम विचारला, ऊतींचे प्रकार विचारले, मी सगळं सांगितलं. शेवटी बाई म्हणाल्या, पदर घे, झालीस पास.

बाहेर आले तर आबा तसेच बसलेले. पास झाले म्हटलं. दौंडच्या मंडळींना तोंड कसं दाखवायचं हा विचार त्यांच्या तोंडावर दिसत होता. मग विचारलं, काय इचारलं? मला खोटं बोलता आलं असतं, पण मी सगळं सांगितलं. डाग दाखवले तेही, आणि मेंढीचंही. त्यांचा चेहरा उतरला.

“चारचौघींत माझी लाज काढलीस व्हय,” ते म्हणाले.

“तुमची कशाला काढू, आबा. माझंच अंग दाखवलं.”

ते घोंगडीचे काठ ओढत बसले. मग खाली बघूनच बोलले, “तुझं पोट नगाऱ्यावानी झालं व्हतं. डोळं पांढरं केलंवतंस. डाक्टर यवतला, आन् नदीला पाणी. मला मेंढरांचंच येत व्हतं, हिरे. दुसरं काय बी येत न्हवतं.” आणि मला, जिच्या मनात इतकी वर्षं राग साचला होता त्या मला, त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून पुन्हा राग आला. दोन्ही एकदमच. मी उभ्या जागी चुळबुळ करत राहिले.

आबा उठले. फेटा डोक्यावर ठेवला, आणि निघतील असं वाटलं तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात बंडीवरून आपल्या उजव्या बरगडीखाली दाबला. मी आबांच्या अंगाला असा हात कधी लावला नव्हता. म्हणाले, “हितं दुखतं. जेवलं की दुखतं, पार पाठीत जातं. तुझ्या आईलाबी ठावं न्हाई. काय हाय हितं?”

मी म्हटलं, याला उजवा हायपोकॉन्ड्रियाक भाग म्हणतात, आत यकृत असतं आणि त्याच्या खाली पित्ताशय.

“त्याला काय झालंय?”

“ते अजून शिकवलं न्हाई, आबा.”

त्यांनी माझा हात सोडला. दवाखान्याच्या दाराकडं बोट केलं.

“मग शिक की. हितं काय उभी ऱ्हायलीस?”